मुठीतली कोरी चिठ्ठी

जळगाव,
११ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस चंदनचा नमस्कार.

दिवाळीत तुम्ही पाटीवर लिहिलंत की फोन करू नको, मला बोलता येत नाही आणि तुझं एकट्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. म्हणून हे पत्र. खेळाचं काही लिहायचं तर घरी नको, असं तुम्ही सांगितलंत, म्हणून वाचनालयाच्या पत्त्यावर टाकतोय. शाळेत असताना परीक्षेत मामाला पत्र लिहायचो, त्यानंतर हे पहिलंच. तेव्हा मार्क मिळायचे.

गळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला पहिल्यांदाच बघितलं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत ज्याचा आवाज बॉयलरच्या वर जायचा, तो माणूस पाटी-पेन्सिल घेऊन बसलेला. मी दिवसभर उजवा हात खिशात घालून हिंडलो, तेही तुम्ही बघितलंतच. दुकानाचं शटर हातावर पडलं पोळ्याच्या आदल्या दिवशी. शेवटची दोन बोटं आता वाकलेलीच राहतात, सरळ होत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आहे ते धरून चाला.

मामा, माझी पत्त्यांची जादू संपली. परवा शेजारच्या वाढदिवसाला पत्ते पिसायला घेतले आणि अर्धा कॅट जमिनीवर. पोरं टाळ्या वाजवत हसली, त्यांना वाटलं हीच गंमत. घरी येऊन मी कॅट कपाटात टाकला. ममतानं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो. दुकान चालतंय, पोटापाण्याचं अडत नाही. पण चार लोकांपुढं उभं राहिल्याशिवाय मला करमत नाही, हा रोग तुम्हीच लावलात.

दीपनगरच्या गणपतीत तुम्ही चिठ्ठ्यांचा खेळ करायचात. लोक कागदावर मनातलं लिहून घडी घालायचे आणि तुम्ही न उघडता सांगायचात. शहरात आता त्याला मेंटॅलिझम म्हणतात, लग्नातसुद्धा बोलावतात. मला तो शिकवाल का? तुम्ही तो बंद केलात त्याला सहा वर्षं झाली, का केलात तेही मला माहीत आहे. नको वाटत असेल तर नाही म्हणा, मी परत विचारणार नाही.

तुमचा,
चंदन


शिरपूर,
२० नोव्हेंबर २०२४

चि. चंदन,

आशीर्वाद. मेंटॅलिझम म्हणे. आम्ही चिठ्ठ्या म्हणायचो आणि आमचं भागायचं.

नाही कशाला म्हणू? मला बोलता येत नाही, तुला पत्ते धरता येत नाहीत, आपली जोडी झकास जमली. इथं मला दुसरं काम काय? सकाळी वाचनालय, दुपारी औषध, संध्याकाळी तुझ्या मामीचं बोलणं. पाटीवर भांडता येत नाही बघ. मी मुद्दा लिहीपर्यंत तिचा राग गेलेला असतो आणि ती चहा ठेवायला उठते.

पत्रं घरी पाठवू नको एवढ्याचसाठी की हा धंदा घरात सांगायचा नसतो. तुझ्या मामीनं दीपनगरला माझ्यासाठी गोणीभर कोऱ्या चिठ्ठ्यांना घड्या घातल्या असतील, पण कशाला लागतात हे कधी विचारलं नाही. त्यामुळं तिला काही ठाऊक नाही.

आता ऐक. सगळ्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या, प्रत्येकीला दोनच घड्या. त्यातली एक कोरी, घडी घातलेली, आधीच तुझ्या हातात. समोरच्यानं लिहिलेली चिठ्ठी तू घेतलीस आणि लगेच त्याच्या मुठीत परत दिलीस. पण दिलीस ती कोरी. तो जिवाच्या आकांतानं मूठ आवळून बसतो. त्याची खरी तुझ्याकडे. मग वही उघड, पाण्याचा पेला घे, चार शब्द बोल आणि वहीच्या आडून वाच. शेवटी मुठीतली चिठ्ठी त्यालाच समईवर धरायला सांग. तो कोरा कागद जाळतो आणि त्याला वाटतं आपलं गुपित जाळलं.

पत्त्यात हात चपळ लागतो. इथं हात आळशी चालतो, तोंड चपळ लागतं. आणि ती कोरी चिठ्ठी लपवायची कुठं, हा नवशिक्याचा मोठा प्रश्न. तुझा तो देवानं सोडवलाय. त्या वाकड्या बोटांत ठेव. लोक तुझा हात बघतील, त्यांना वाईट वाटेल आणि ते नजर काढून घेतील. चांगल्या हातावर सगळ्यांचा डोळा असतो, अधू हाताकडे कोणी निरखून बघत नाही. हे लिहिताना मला बरं वाटलं नाही, पण खरं ते खरं.

एक नियम. चिठ्ठीत काय लिहिलंय ते सांगायचं. त्याचं उत्तर द्यायचं नाही. पोरीचं लग्न होईल का, गेलेली वस्तू सापडेल का, माणूस येईल का, कशाचंच नाही. सुरुवातीलाच सांगायचं की मी भगत नाही, देवऋषी नाही. इकडं सातपुड्याच्या पायथ्याला तर दोनदा सांगायचं. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याची असते, तिच्यातलं बाहेर कोणाला सांगायचं नाही.

गृहपाठ: घरातलं एक माणूस निवड, त्याला काही न विचारता नुसतं बघ आणि तीन गोष्टी लिहून कळव. चिठ्ठी वाचणं सोपं आहे, माणूस बघावा लागतो.

तुझा मामा,
लीलाधर


जळगाव,
१८ जानेवारी २०२५

ती. मामांस नमस्कार.

ममतावर सराव चालू आहे. आता दहात आठ वेळा अदलाबदल तिच्या लक्षात येत नाही. परवा तिनं चिठ्ठीत लिहिलं, ‘हा माणूस मला आईकडे कधी नेणार?’ मी वाचलं आणि उत्तर देऊन बसलो की केळीच्या हंगामातली दुकानाची गर्दी सरल्यावर. तिनं अबोला धरला. तुमचा नियम पटला.

गृहपाठासाठी मी ममताला निवडणार होतो, पण संक्रांतीला तुमच्याकडे आलो आणि मामींना बघत बसलो. रागावू नका. तीन गोष्टी लिहितो.

एक, मामी दुपारी आडव्या होतात तेव्हा दाराची कडी लावत नाहीत. नुसतं लोटून ठेवतात. सगळी गल्ली कड्या लावून झोपते.

दोन, भाकरी एक जास्त थापतात आणि ती टोपल्यात तळाशी ठेवतात. संध्याकाळी गायीला घालतात.

या दोन्ही गोष्टी पोरासाठी, प्रेमराजसाठी आहेत हे कळायला मन वाचावं लागत नाही. सहा वर्षांपूर्वी तापीला पूर आला, तो मित्राची गाडी घेऊन पूर बघायला गेला, गाडी पुलावर सापडली आणि तो सापडला नाही. आपण सारंगखेड्यापर्यंत काठ धुंडाळला. तुमच्यासोबत त्या चिखलात मीही होतो. मामींना मात्र त्या दिवसापासून तो आज येतोय, उद्या येतोय. मी निघताना तुमच्यादेखत मला म्हणाल्या, ‘जळगावमा कधी तो दिसना तर सांगजो.’

तिसरी गोष्ट मला कशातच बसवता येईना. मामी आंबा खात नाहीत. ताटात कैरीचं लोणचं वाढलं, स्वतः घेतलं नाही. ममतानं आंबापोळी नेली होती, ती हातात घेतली, वास घेतला आणि डब्यात ठेवली. पूर्वी तर मामी कोयसुद्धा सोडायच्या नाहीत, तुम्ही चिडवायचात. हे काय असावं?

चंदन


शिरपूर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. चंदन,

पहिल्या दोन गोष्टींना पैकीच्या पैकी. तिसरीला भोपळा. तिचे दात आंबतात, स्वतःच सांगते. म्हातारपणात आंबा मलाही चालत नाही, कफ होतो. जिथं काही नाही तिथं शोधत बसलास की खेळ फसतो.

आता जे लिहितो ते तुझ्याजवळच ठेव.

धुळ्याच्या डॉक्टरांनी परत तपासणी केली. दुखणं पुन्हा उगवलंय, या वेळी खाली, छातीकडे. पावसाळा बघेन असं त्यांना वाटत नाही. मामीला मी पाटीवर लिहून दिलं की सूज आहे, उतरेल. तिनं मान डोलावली आणि दूध गरम करायला गेली.

मला मरणाचं फार काही नाही रे. बॉयलरवर तीस वर्षं काढली, आगीची भीती तेव्हाच गेली. मला भीती आहे ती त्या दाराची. मी गेल्यावर ती एकटी त्या लोटलेल्या दाराकडे तोंड करून बसेल, किती वर्षं कोण जाणे. दर आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, आम्ही माझ्या आईवडिलांच्या नावानं घागरी भरतो, वर खरबूज, आंबे, पुरणपोळीचा घास टाकतो. प्रेमराजची घागर भरायची तर तो गेला असं म्हणावं लागतं. ते तिच्यापुढं म्हणायची माझी छाती झाली नाही. आवाज होता तेव्हा बोललो नाही. आता पाटीवर दोनदा लिहिलं, ‘पोरगा गेला, कुंदा’, आणि ती स्वयंपाकघरातून यायच्या आत पुसलं.

ती कोणाचं ऐकेल? माझं नाही, नातेवाइकांचं नाही. चिठ्ठीचं ऐकेल. दीपनगरला लोक रडत घरी जायचे ते तिनं बघितलंय. आठ मार्चला इथं महिला मंडळाचा कार्यक्रम आहे, तुझा खेळ ठेवायला मी त्यांना लिहून दिलंय. मामी पुढच्या रांगेत असेल. तिला चिठ्ठी दे. ती प्रेमराजबद्दलच विचारणार. तू वाच, आणि या एका वेळी उत्तर दे. सांग की तो आता तहानलेला आहे, त्याची घागर भरा.

नियम मीच केला आणि मीच मोडायला सांगतोय, हे मला कळतं.

मामा


जळगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाईक असताना शटर ओढून घेतलं.

आधी राग आला. वाटलं, याचसाठी शिकवलंत मला, नोव्हेंबरपासून. मग आठवलं की नोव्हेंबरात तुम्हालाही माहीत नव्हतं. तुमचं दुखणं तुम्ही मला सांगता, मामींना सांगत नाही, आणि त्यांच्या पोराचं मरण मी सांगायचं. तेही माइकवर, बायकांच्या टाळ्यांमध्ये. मला हे पाप वाटतंय.

पण प्रेमराज माझाही भाऊ होता. आणि तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. करतो.

आवाज होता तेव्हा तुम्ही का नाही बोललात, मामा?

चंदन


जळगाव,
११ मार्च २०२५

ती. मामांस,

गडबडीत त्या दिवशी भेट नीट झाली नाही, आठची गाडी गाठायची होती. खेळ बरा झाला असं मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या.

मामींच्या चिठ्ठीत प्रेमराजबद्दल काहीच नव्हतं. ‘यांचा आवाज परत येईल का’ एवढंच होतं. त्यामुळं ठरलेलं बोलता आलं नाही. मी फक्त म्हणालो की यांच्या मनात घरच्याच माणसाची काळजी आहे, आणि चिठ्ठी समईवर धरायला लावली.

तब्येत जपा. औषध चुकवू नका.

चंदन


शिरपूर,
२० मार्च २०२५

चि. चंदन,

तू खोटं लिहिलंस. अक्षरसुद्धा खोटं आलंय, ओळी खाली खाली गेल्यात.

मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून होतो. अदलाबदल फार सुंदर झाली, मला माहीत असून दिसली नाही. त्या बोटांकडे कोणी बघितलं नाही. पण वहीच्या आडून चिठ्ठी वाचायला डोळ्याची एक उघडझाप पुरते, आणि तू किती वेळ वहीत बघत होतास? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग तू पाणी प्यायलास आणि पेला तिरका धरलास, सदऱ्यावर सांडलं. माझ्या आवाजाबद्दल वाचून माणसाचं असं होत नाही.

दुसरं, तिनं माझ्याबद्दल लिहिलं असतं तर तिनं मागं वळून मला शोधलं असतं. ती पूर्ण वेळ तुझ्याकडे बघत होती.

मला वाटतं मी ओळखलंय. तिनं लिहिलं असणार, ‘माझा पोरगा कधी येईल’, आणि तुझ्या तोंडून ते निघालं नाही. मी तुला दोष देत नाही. माझ्याही तोंडून निघालं नव्हतं. तू फेब्रुवारीच्या पत्रात विचारलंस, त्याचं उत्तर हेच.

पण एक सांग. घरी येताना रिक्षात तुझी मामी गुणगुणत होती. सहा वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. म्हणून विचारतो, चिठ्ठीत नेमकं काय होतं? चिठ्ठी लिहिणाऱ्याची असते हे मीच शिकवलं. तरी मागतो. मला आता फार दिवस वाट बघता येणार नाही.

जिना चढताना बसावं लागतं. वाचनालयात ज्ञानेश्वर खुर्ची खालीच आणून देतो, भला माणूस आहे.

मामा


जळगाव,
७ एप्रिल २०२५

ती. मामा,

किती पत्रं लिहिली आणि फाडली. आज हे टाकतोच.

मामींची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, या पत्रात घालून पाठवतोय. त्यांच्या हातची आहे, तुम्ही ओळखाल. तरी इथं उतरवून काढतो, कारण अक्षर बारीक आहे आणि तुमचे डोळे थकलेत.

‘पोऱ्या येवाव नही, माले माहीत शे. पन यास्ले कसं सांगू? ह्या त्यानी वाट दखी ऱ्हायनात म्हनीसन जगी ऱ्हायनात. त्यानी घागर भरी तर ह्या ऱ्हातीन का?’

मामा, त्यांना माहीत आहे. प्रेमराज येणार नाही हे त्या कधीपासून जाणून आहेत. दार त्या तुमच्यासाठी उघडं ठेवतात. भाकरी तुम्हाला दिसावी म्हणून जास्तीची थापतात. त्यांना वाटतं की तुम्ही त्याच्या वाटेकडे डोळे लावून जगताय, आणि ती वाट बंद केली तर तुम्हीही जाल. तुम्हाला वाटतं नेमकं तेच त्यांच्याबद्दल. एका घरात राहून सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांसाठी वाट बघण्याचं सोंग करताय.

मी वहीत तोंड घालून उभा राहिलो. ‘घागर भरा’ हे दोन शब्द तोंडाशी आले होते. पण त्या चिठ्ठीला ते उत्तर दिलं असतं तर तुम्ही त्यानंतर राहाल का, हेही मीच सांगितल्यासारखं झालं असतं. आणि तुमचं काय होणार आहे ते मला माहीत होतं. म्हणून पाणी प्यायलो आणि सांडलं.

आंब्याला तुम्ही भोपळा दिला होता. आता परत तपासा. आपल्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या घागरीवर आंबा ठेवल्याशिवाय घरात आंबा खात नाहीत. प्रेमराजला आंबा पोचला नाही, म्हणून त्याच्या आईनं सहा उन्हाळे आंबा तोंडाला लावला नाही. तो जिवंत आहे असं वाटणारी आई आंबा कशाला सोडेल? आणि तुमचा कफ. ऑपरेशन तर गेल्या वर्षी झालं. त्याआधीची पाच वर्षं तुम्ही आंबा का खाल्ला नाहीत, मामा? तुम्ही दोघं एकाच ताटाशी बसून एकच गोष्ट सोडत होतात आणि एकमेकांना दाताची आणि कफाची कारणं देत होतात.

आखाजी जवळ आलीय. पाटी घ्या आणि मामींना दाखवा. यात माझं काम नाही, चिठ्ठीचंही नाही.

चंदन


शिरपूर,
४ मे २०२५

चि. चंदनला मामीचा आशीर्वाद.

फोनवर हे बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहिते. मी शाळेतली मराठी लिहिते, तुझे मामा त्यावरून मला चिडवायचे.

काल वाचनालयातले ज्ञानेश्वरभाऊ घरी आले. हातात तुझं पाकीट. म्हणाले, आबा दवाखान्यातून परत आले की त्यांच्याच हातात द्यायचं म्हणून ठेवलं होतं, नंतर दुखवट्याच्या घरी आणायचा धीर झाला नाही. तू पाठवलंस त्याच्या आदल्या दिवशीच आम्ही यांना धुळ्याला हलवलं होतं. तर तुझं पत्र यांनी वाचलं नाही. दहाव्याला तू माझ्याकडे बघत नव्हतास, ते का, हे आता कळलं. तुला वाटलं असेल की पत्र वाचलं आणि त्याच धक्क्यानं गेले. तसं नाही झालं. हे तुला कळावं म्हणूनच लिहायला बसले.

पाकीट उघडलं तर माझीच चिठ्ठी बाहेर पडली.

तुझे मामा समजायचे की मला काही ठाऊक नाही. दीपनगरला कोऱ्या चिठ्ठ्यांना घड्या मी घालायचे. कोऱ्या चिठ्ठ्या कशाला लागतात, हे न कळण्याइतकी मी भोळी आहे का? विचारलं नाही, कारण त्यांना गुपित ठेवण्यात आनंद होता. तुम्हा मामा-भाच्यांची पत्रं चालतात तेही माहीत होतं. शाई बोटाला लागलेली असायची आणि म्हणायचे, पाटीची पेन्सिल आहे.

त्या दिवशी तू माझ्या मुठीत कोरा कागद ठेवलास, ते हाताला कळलं. मी लिहिलेली चिठ्ठी दाबून लिहिल्यानं खरबरीत होती. तू वाचणार हे धरूनच मी लिहिलं होतं. मला उत्तर नको होतं रे. हे कोणालातरी सांगायचं होतं, आणि तोंडानं निघत नव्हतं. तू वाचलंस, तुझ्या सदऱ्यावर पाणी सांडलं आणि मला हलकं वाटलं. रिक्षात मी काय गुणगुणले मला आठवत नाही.

सूज आहे म्हणून त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, तेही मी खरं मानलं नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवून आधीच सांगितलं होतं.

आता दवाखान्यातलं सांगते. जायच्या चार-पाच दिवस आधी सकाळी त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, ‘आंबा’. मला वाटलं भान नाही. त्यांना गिळता येत नव्हतं, नळीनं चाललं होतं. पण हट्टच धरला. मी खालून गाडीवरून एक आणला, धुतला, फोडी केल्या. त्यांनी एक फोड उचलली आणि माझ्या तोंडाशी धरली. मी तोंड फिरवलं. म्हटलं, मना दात आंबतस, तुम्हले माहीत शे ना. त्यांनी हात खाली घेतला नाही. नुसतं बघत राहिले. दीपनगरच्या मांडवात माणसाचं मनातलं सांगायच्या आधी बघायचे ना, तसं. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग मी फोड घेतली आणि त्यांच्या ओठाशी नेली, म्हटलं नुसता रस चाखा. त्यांनीही तोंड फिरवलं. तेव्हा मला कळलं. चंदन, आम्ही दोघं त्या आंब्याकडे बघत किती वेळ बसलो होतो कोण जाणे. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, आजी, माशा बसतील, झाका.

त्यांनी आंबा का मागवला हे मला काल तुझं पत्र वाचून उमजलं. तू आधी कधीतरी आंब्याचं लिहिलं असशील, त्यांनी तेव्हा मानलं नसेल, आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांना ते आठवलं असेल. तुझी चिठ्ठी त्यांना मिळाली नाही, पण त्यांनी वाचली.

नंतर त्यांनी पाटी घेतली. लिहिलं, ‘दोन घागरी आण’.

मी पदरानं पुसलं. असं कसं लिहिता म्हणणार होते. एरवी ते लिहायचे आणि मी बोलायचे. त्या दिवशी पेन्सिल मी घेतली आणि लिहिलं, ‘बरं’. त्यांनी ते वाचलं आणि पाटी छातीवर ठेवून झोपले. त्यानंतर त्यांनी पाटीवर काही लिहिलं नाही.

आखाजीला कुंभारणीकडे मी स्वतः गेले. ती दरवर्षी विचारते, आक्का, आईबापाच्याच ना? या वर्षी म्हटलं, दोन आणखी दे, एक मोठी आणि एक लहान. तिनं घागरी दोन्ही हातांनी वाजवून बघून दिल्या. भिंतीशी ओळीनं मांडल्या. बापाच्या शेजारी पोरगा. पाणी भरलं, खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. प्रेमराजच्या नावानं घास टाकताना मला वाटलं होतं मी कोसळेन. नाही कोसळले. एवढं पाणी त्याला सहा वर्षं मिळालं नाही, याचंच वाईट वाटत राहिलं.

तू मनाला लावून घेऊ नको. उशीर तू केला नाहीस, आम्हीच केला. आम्ही दोघं मिळून त्याच्यासाठी एकदाही रडलो नाही, कारण रडायचं तर तो गेला असं म्हणावं लागलं असतं. दवाखान्यात त्या आंब्यापाशी रडलो ते तेवढंच.

खेळ सोडू नको. मामांची पाटी तुझ्यासाठी ठेवलीय, पुसली नाही. ममताला घेऊन ये. घागरीवरचे आंबे पिकलेत, एकटीच्यानं फोडवत नाहीत.

आणि एक. मी आता दुपारी कडी लावून झोपते. आलास तर जरा जोरात वाजव.

तुझी मामी,
कुंदा